राजा दीनदयाळ : शिकारीमागे गेलेला कॅमेरा

राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावात झाला. रुरकीत अभियांत्रिकी शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात लागले आणि १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले. पुढे ते सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. गुलमंडीचे औरंगाबाद तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. वेरूळची लेणीही त्यांनी टिपली.

अवजड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन ते शिकारीच्या मोहिमांवर जात. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन यांच्या वरंगळ भागातील शिकारीचे फोटो त्यांच्या स्टुडिओने काढले. त्यांत वाघ दिसतो तो शिकाऱ्यांच्या पायाशी, मेलेला.

१९०५ मध्ये दीनदयाळ यांचे निधन झाले. आजच्या सफारीत जिवंत वाघ टिपतात. तेव्हा फोटोची वेळ गोळीनंतर येई. तरीही त्या जंगलांत वाघ होते, याचा पुरावा याच फोटोंत उरला आहे.