गलिव्हरचा जनक : डीन स्विफ्ट

सहा इंच उंचीच्या माणसांनीं दोऱ्यांनीं जखडलेल्या गलिव्हरचें चित्र पाहून हंसला नाहीं असा मुलगा विरळा. परंतु त्या गलिव्हरास जन्म देणारा जोनाथन स्विफ्ट स्वतः किती एकाकी होता, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

स्विफ्टचा जन्म इ. स. १६६७ मध्यें आयर्लंडांतील डब्लिन शहरीं झाला. जन्मापूर्वींच पितृछत्र हरपलेलें. शिक्षणाचा भार चुलत्यानें उचलला. पुढें इंग्लंडांत सर विल्यम टेंपल यांच्या पदरीं त्यानें चिटणिशी केली, धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली, आणि लेखणीच्या बळावर लंडनच्या राजकारणांत नांव मिळविलें. इंग्लंडांतच मोठें धर्मपद मिळावें ही त्याची आकांक्षा, परंतु इ. स. १७१३ त डब्लिनच्या सेंट पॅट्रिक मंदिराचें डीनपद त्याच्या वांट्यास आलें. जन्मभूमि त्यास हद्दपारीसारखी वाटली. त्यांतच भोंवळ व बहिरेपणा या व्याधींची भर पडली.

हें परकेपण इ. स. १७२६ त प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत उतरलें. गलिव्हर खुज्यांच्या देशांत राक्षस ठरतो, तर राक्षसांच्या देशांत पेटींतलें खेळणें. लोहचुंबकाच्या योगानें आकाशांत तरंगणाऱ्या लापुटा बेटावरील विद्वान विचारांत इतके गढलेले, कीं दुसऱ्याचें बोलणें ऐकूं यावें म्हणून नोकरांस त्यांच्या कानांवर हलकीच चापट द्यावी लागते! शेवटीं विवेकी घोड्यांच्या देशांतून परतलेल्या गलिव्हरास स्वतःच्या बायकामुलांचा वासहि सोसत नाहीं. तो रोज चार तास तबेल्यांत घोड्यांशीं बोलत बसतो. येथें वाचकाचें हंसूं ओठांवरच थिजतें.

स्विफ्ट मात्र तबेल्यांत जाऊन बसला नाहीं. इ. स. १७२४ मध्यें एका मक्तेदाराचीं तांब्याचीं नाणीं आयर्लंडवर लादलीं जात असतां त्यानें कापडविक्याच्या टोपणनांवानें पत्रें लिहून लोकांस जागें केलें. लेखकाचें नांव सांगणारास सरकारनें ३०० पौंडांचें बक्षीस लावलें; नांव अनेकांस ठाऊक होतें, तरी कोणीं तोंड उघडलें नाहीं. पुढल्याच वर्षीं तो मक्ता रद्द झाला.

उतारवयांत त्याची बुद्धि विकल झाली व इ. स. १७४५ त तो निवर्तला. आपली बहुतेक सर्व मिळकत त्यानें डब्लिनमध्यें मनोरुग्णांसाठीं रुग्णालय स्थापण्यास ठेविली होती. इ. स. १७५७ मध्यें तें उघडलें व आजहि चालू आहे. जगानें दूर लोटलेल्यांस त्यानें असा आसरा दिला. माणसांच्या दोषांस हंसावें, पण माणसांकडे पाठ फिरवूं नये, हेंच त्याच्या चरित्रापासून शिकावयाचें.