भीमराव रामजी आंबेडकर आणि मतदानपद्धती

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे भारतीय विधिज्ञ, अर्थतज्ज्ञ, समाजसुधारक आणि संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. अल्पसंख्य समूहाचे मत संख्याबळाखाली दडपले जाऊ नये यासाठी मतदान कोणत्या पद्धतीने घ्यावे, हा प्रश्न त्यांच्या सार्वजनिक जीवनात प्रारंभापासून अखेरपर्यंत राहिला. पसंतीक्रमाच्या मतदानाने त्यांना संविधान सभेत आणि राज्यसभेत प्रवेश मिळाला, तर बहुमताच्या मतदानाने लोकसभेचे दार दोनदा बंद केले.

प्रारंभीची भूमिका

मुंबई, न्यूयॉर्क व लंडन येथे शिक्षण घेतलेल्या आंबेडकरांनी जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. मताधिकाराच्या अटी सैल कराव्यात आणि अस्पृश्यांना लोकसंख्येच्या मानाने स्वतःचे प्रतिनिधी मिळावेत, अशी त्यांची मागणी होती. १९२७ पासून ते मुंबई विधिमंडळाचे नामनियुक्त सदस्य होते. ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला.

स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीही त्यांची भूमिका हीच होती. १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावरील चर्चेत, प्रौढ मताधिकार आणि अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची हमी नसेल तर पंचायतीची सत्ता गावातील प्रबळ जातींच्याच हाती जाईल, असा धोका त्यांनी दाखवून दिला.

पुणे करार

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध महात्मा गांधींनी येरवडा कारागृहात उपोषण आरंभल्यावर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ सोडण्याच्या बदल्यात प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. या जागांसाठी मतदान दोन टप्प्यांत होते. प्राथमिक फेरीत केवळ अस्पृश्य मतदार चार उमेदवार निवडत आणि त्यांतून एकाची अंतिम निवड संयुक्त मतदारसंघ करी. प्राथमिक फेरीत पहिला आलेला उमेदवारही अंतिम फेरीत इतरांच्या मतांनी पराभूत होऊ शकत असे. हा या रचनेतील दोष आंबेडकरांनी पुढे वारंवार मांडला. स्थानिक संस्थांतही अस्पृश्यांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे, असे कलम करारात होते.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातील बहुसदस्य मतदारसंघांत संचयी मतदान होते. जितक्या जागा तितकी मते मतदाराला मिळत आणि ती सर्व एकाच उमेदवारास देता येत. त्यामुळे संघटित अल्पसंख्य गटाला निदान एक जागा पदरात पाडून घेता येई. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले व १४ निवडून आणले. मुंबई शहरात स्वतः आंबेडकरांनी क्रिकेटपटू पी. बाळू यांचा पराभव केला.

संविधान सभेतील निवड

१९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा दारुण पराभव झाला. मुंबई विधानसभेत पक्षाचा एकही सदस्य नसल्याने तेथून संविधान सभेवर जाणे आंबेडकरांना अशक्य होते. मात्र ही निवडणूक एकल संक्रमणीय मतपद्धतीने होणार होती. या पद्धतीत मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. वैध मतांची संख्या एकूण जागांपेक्षा एकने अधिक असलेल्या संख्येने भागून, भागाकाराच्या पूर्णांकात एक मिळवला की विजयाचा मतकोटा ठरतो. एका विजयासाठी सभागृहाचे बहुमत लागत नाही, कोट्याएवढी मते पुरतात. बंगालमधून सर्वसाधारण गटाच्या २७ जागा भरायच्या असल्याने तेथील कोटा अगदी लहान होता. बंगाल विधानसभेतील फेडरेशनचे एकमेव सदस्य जोगेंद्रनाथ मंडल यांनी इतर काही सदस्यांची साथ मिळवली आणि जुलै १९४६ मध्ये आंबेडकर निवडून आले.

बंगालच्या फाळणीमुळे ही जागा गेली. त्यानंतर मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर काँग्रेसच्या पाठिंब्याने त्यांची मुंबईतून निवड झाली. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली व ते तिचे अध्यक्ष झाले.

संविधानातील भूमिका

१९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात पंतप्रधानासह मंत्रिमंडळाची निवड विधिमंडळाने एकल संक्रमणीय मताने करावी, अशी योजना त्यांनी मांडली होती. तथापि, ४ जानेवारी १९४९ रोजी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली तेव्हा त्यांनी तिला विरोध केला. क्रमांक लिहिण्यासाठी मतदार साक्षर असावा लागतो, तसेच सभागृहाचे अनेक गटांत तुकडे झाल्यास सरकार स्थिर राहत नाही, ही त्यांची कारणे होती. परिणामी लोकसभा व विधानसभांसाठी साध्या बहुमताची पद्धत राहिली. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषद यांसाठी पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली गेली.

लोकसभेतील पराभव

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आंबेडकर मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य मतदारसंघातील राखीव जागेसाठी उभे राहिले. येथे मतदाराला दोन मते होती, परंतु दोन्ही एकाच उमेदवारास देण्यास मनाई होती. तशी दिल्यास एक मत बाद होई. १९३७ मध्ये उपलब्ध असलेले एकवटलेल्या मतांचे साधन आता राहिले नव्हते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १४,५६१ मतांनी विजयी झाले. समाजवादी नेते अशोक मेहता यांच्यासह आंबेडकरांनी निवडणूक याचिका दाखल केली. तीत ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्याचा मुद्दा होता. याचिका फेटाळली गेली. १९५२ मध्येच मुंबई राज्याच्या विधानसभेतून ते राज्यसभेवर गेले. ही निवड एकल संक्रमणीय मतानेच झाली. १९५४ मध्ये भंडारा येथील लोकसभा पोटनिवडणुकीत ते पुन्हा पराभूत झाले. मृत्यूपर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले.

हडपसर व पुण्यातील सद्यःस्थिती

या दोन्ही पद्धती पुणे शहरातील हडपसरच्या मतदाराला आजही भेटतात. लोकसभा (शिरूर) व विधानसभा (हडपसर) निवडणुकांत तो एक मत देतो. पुणे महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत बहुसदस्य प्रभागातील प्रत्येक जागेसाठी त्याने स्वतंत्र मत दिले. महापालिकेच्या मतदानात पसंतीक्रम नाही. मात्र निवडून आलेले नगरसेवक विधान परिषदेच्या स्थानिक प्राधिकारी संस्था मतदारसंघात पसंतीक्रमानेच मतदान करतात. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा अशा भरल्या जातात.

हडपसरमधील नोंदणीकृत पदवीधर व शिक्षक मात्र पुणे पदवीधर व पुणे शिक्षक मतदारसंघांत स्वतः क्रमांक लिहितात. जागा एकच असल्याने विजयासाठी वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. समजा, १०० वैध मतांपैकी तीन उमेदवारांना पहिल्या पसंतीची ४०, ३५ व २५ मते मिळाली, तर कोटा ५१ असल्याने कोणीही विजयी ठरत नाही. तिसरा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या २५ मतपत्रिका दुसऱ्या पसंतीनुसार वाटल्या जातात. त्यांतील १८ दुसऱ्याला व ७ पहिल्याला गेल्यास, दुसरा उमेदवार ५३ विरुद्ध ४७ अशा मतांनी निवडून येतो. पहिली पसंती न लिहिलेली मतपत्रिका बाद ठरते. पुढील पसंती लिहिणे ऐच्छिक असते.

वर्ग: भारतीय संविधान | निवडणूक पद्धती | पुणे जिल्हा