लुईझाबाईंच्या नावाचं चिकन

रविवारी आमच्या घरी अधूनमधून ‘चिकन टेट्राझिनी’ होतं. सून उकडलेल्या चिकनचे धागे सोडवते, लोण्यात मैदा परतून त्यात दूध ओतत व्हाइट सॉस करते, मश्रूम आणि शिजवलेली स्पॅगेटी त्यात कालवते, वर चीज किसते आणि काचेचं भांडं ओव्हनमध्ये सरकवते. कडेची लालसर खरपूस साय कोणाची, यावरून नातवंडांची भांडणं ठरलेली. मला कितीतरी वर्षं टेट्राझिनी हे इटलीतलं एखादं गाव वाटत होतं. ती बाई होती आणि गात होती, हे बँकेतून निवृत्त झाल्यावर वाचनात आलं.

लुईझा टेट्राझिनी १८७१ साली फ्लॉरेन्समध्ये जन्मली. थोरली बहीण एव्हा ऑपेरात गाणारी, मेहुणे कांपानिनी वाद्यवृंदाचे संचालक. म्हणजे गाणं घरातच होतं. १८९० साली ती त्याच गावात रंगमंचावर उभी राहिली. मग दक्षिण अमेरिका, रशिया अशी वर्षानुवर्षं भटकंती. लंडनने तिला ऐकलं ते १९०७ च्या नोव्हेंबरात, कॉव्हेंट गार्डनमध्ये. हंगाम आडवेळचा, थिएटर पुरतं भरलेलंही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी तिला एका रात्रीत मोठं केलं. तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती, आणि अंगाने चांगली भरलेली. खाण्याची आवड तिने कधी लपवली नाही.

न्यूयॉर्कचा थिएटरमालक ऑस्कर हॅमरस्टाइन आणि ती यांचं करारावरून वाजलं. दुसऱ्या कोणाकडे गायचं नाही, असा त्याचा हट्ट. तिने सांगून टाकलं, की मग मी सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर गाईन, रस्ता तर कोणाच्या मालकीचा नाही! १९०५ च्या सुमारास त्या शहराने तिला डोक्यावर घेतलं होतं आणि १९०६ च्या भूकंपात ते जळून गेलं होतं. २४ डिसेंबर १९१० च्या संध्याकाळी, मार्केट स्ट्रीटवर, लोटा कारंज्यापाशी ती खरोखरच गायली. तिकीट नाही, मायक्रोफोन नाही. गर्दीचा अंदाज दोन लाखांच्या पुढे करतात.

त्याच सुमारास तिच्या नावाचा पदार्थ निघाला. सॅन फ्रान्सिस्कोचं पॅलेस हॉटेल आणि न्यूयॉर्कचं निकरबॉकर, दोघांच्याही नावावर तो सांगितला जातो. क्रीम, शेरी, पार्मेझान असा सगळा हॉटेली थाट. पुढे अमेरिकन गृहिणींनी त्याला घरी आणलं, सणाची उरलेली टर्की त्यात संपवली, आणि १९३४ नंतर तर डब्यातलं मश्रूम सूप ओतून सॉसची कटकटही मिटवली. माझ्या मते पदार्थाचं भलं झालं ते तिथेच. ज्याला रोजच्या स्वयंपाकघरात जागा नाही, त्याचं नाव हॉटेलच्या मेनूबरोबर जातं.

आता मी बँकवाला म्हणून जिथे अडखळलो ती गोष्ट. बाईंनी अफाट पैसा मिळवला. १९२६ साली, पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी वयाने बऱ्याच लहान असलेल्या पिएत्रो व्हेर्नातीशी लग्न केलं. पुढे बेबनाव, कोर्टकज्जे, आणि पैसा ओसरत गेला.

आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षिका यायच्या. मग त्या येईनाशा झाल्या आणि त्यांच्या सहीचे चेक घेऊन भाचा येऊ लागला. सही जुळत होती. मी नियमाप्रमाणे पैसे देत गेलो. एकदा त्यांच्या घरी जाऊन विचारावं असं मनात आलं होतं. मार्चअखेरची गडबड होती, राहून गेलं. खातं संपलं त्या वर्षी माझी बदली झाली. लुईझाबाईंचं वाचताना मला त्या व्हेर्नातीपेक्षा, मिलानमधल्या कुठल्यातरी खिडकीमागे बसून नोटा मोजणारा माणूसच जास्त दिसत राहिला.

उतारवयात बाई मिलानमध्ये गाणं शिकवत. १९४० साली तिथेच गेल्या. त्याआधीची, १९३२ ची एक छोटी फिल्म आहे. बाई ग्रामोफोनपाशी आहेत, आणि अकरा वर्षांपूर्वी वारलेला त्यांचा मित्र कारुझो रेकॉर्डवर गातो आहे. थोडा वेळ त्या नुसत्या ऐकतात. मग राहवत नाही, आणि त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळून गाऊ लागतात. चेहऱ्यावर हसू असतं.