डॉ. कोटणीस : वाचविणाऱ्याच्या प्रकृतीची कथा

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्यापैकी पुष्कळांना भेटतात ते शांतारामबापूंच्या चित्रपटातून. १९४६ साली आलेल्या त्या चित्रपटात स्वतः शांतारामबापूंनी कोटणिसांची भूमिका केली आणि जयश्रीबाईंनी त्यांच्या चिनी पत्नीची. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांना ते वक्तृत्वस्पर्धेत भेटतात. रोह्याला शाळेत असताना असली भाषणे मी ढिगाने ऐकली. त्यांत डॉक्टर हमखास मेणबत्तीसारखे जळत आणि दुसऱ्यांना प्रकाश देत. टाळ्या पडत, परीक्षक मान डोलावीत आणि पुढचा स्पर्धक उभा राही. पण ऐन बत्तिशीतला, चांगला शिकलेला, स्वतःच डॉक्टर असलेला माणूस नेमका मेला कशाने, हे त्या भाषणांत कधी आले नाही. त्यांना गोळी लागली नव्हती. बॉम्ब त्यांच्या अंगावर पडला नव्हता. मग काय झाले? हा प्रश्न मला पडला तो एका घरगुती कारणाने. ते ओघात येईलच.

द्वारकानाथांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. वडील शांताराम गिरणीच्या कचेरीत नोकरीला. भावंडे बरीच, पैसा बेताचा. असल्या घरातला मुलगा डॉक्टर व्हायचा म्हणजे सगळ्या घराने पोटाला चिमटा घ्यायचा. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून, म्हणजे आपण ज्याला केईएम म्हणतो तिथून, ते १९३६ मध्ये एम.बी.बी.एस. झाले आणि पुढच्या पदवीच्या तयारीला लागले. आता दवाखान्याची पाटी लागणार, घरचे कर्ज फिटणार, अशीच सर्वांची अपेक्षा असणार.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी फौजांकडे डॉक्टरांचा दुष्काळ होता. सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली आणि त्या वर्षीचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू यांनी १९३८ च्या जूनअखेर देशाला आवाहन केले. निधी जमला बावीस हजार रुपयांचा. परतंत्र देशाने दुसऱ्या संकटातल्या देशाला केलेली ती मदत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचे मोल कळते. पाच डॉक्टर निवडले गेले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. अटल हे पथकाचे प्रमुख. स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. १ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना बोटीने ही मंडळी मुंबई बंदरातून निघाली. वडिलांचे प्रोत्साहन होते; आईला मात्र मुलगा इतका दूर जातो याचे दुःख होते.

कँटनला त्यांचे स्वागत डॉ. सन यत-सेन यांच्या पत्नीने केले. तिथून हँकौ, चुंगकिंग, आणि १२ फेब्रुवारी १९३९ रोजी येनान. चुंगकिंगला असतानाच वडील वारल्याची बातमी आली. परत फिरायला याहून मोठे कारण कोणते हवे होते? ते फिरले नाहीत. पाचही जणांनी चिनी नावे घेतली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी चीनचा वाचक असा हुआ हा शब्द जोडला. कोटणीस के दिहुआ झाले. पुढे तिकडच्या खेडुतांना हेच नाव माहीत होते.

पथकातील इतर एकेक करून परतले. शेवटपर्यंत राहिले ते बसू आणि कोटणीस. १९४० मध्ये ते उत्तर चीनमधील डोंगराळ आघाडीवर गेले. तिथे शत्रूच्या वेढ्याच्या आत राहून आठवी फौज लढत होती. आपण रुग्णालय म्हटले की इमारत डोळ्यांसमोर आणतो. तिथे गावातले एखादे देऊळ किंवा शेतकऱ्याचे घर म्हणजे रुग्णालय. जपानी तुकडी जवळ आल्याची खबर आली की जखमी, हत्यारे, औषधे सगळे उचलून पलीकडच्या खोऱ्यात जायचे. हिवाळा हाडे गोठविणारा. खायला राळ्याचा भात आणि मिळेल ती भाजी. भूल द्यायची औषधे आणि बँडेजे यांची सदाची टंचाई. वापरलेली पट्टी धुऊन, उकळून पुन्हा वापरायची.

या आघाडीवर त्यांच्या आधी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून होते. त्यांचे काय झाले हे इथे सांगायलाच हवे. १९३९ च्या ऑक्टोबरात, हातमोजे न घालता शस्त्रक्रिया करीत असताना त्यांच्या बोटाला जखम झाली. तिच्यातून विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबरला ते गेले. पेनिसिलीन तेव्हा कोणाच्या हाती आलेले नव्हते. रबरी मोजा ही किती क्षुल्लक वस्तू! तो नव्हता म्हणून जगातला एक नामांकित शल्यविशारद बोट कापल्यासारख्या कारणाने मेला. कोटणीस पुढे ज्या रुग्णालयाचे संचालक झाले त्याला या बेथ्यूनसाहेबांचेच नाव होते. म्हणजे वाचविणाऱ्याला काय होऊ शकते याचा दाखला त्यांच्या दारावरच लिहिलेला होता.

१९४० च्या उत्तरार्धात शंभर पलटणींची मोहीम म्हणून ओळखली जाणारी मोठी लढाई झाली. जखमींची रीघ लागली. कोटणिसांनी त्या काळात आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, आणि एकदा तर सलग बहात्तर तास, डोळ्याला डोळा न लावता, शस्त्रक्रिया केल्या. चरित्रलेखकांचा हा आवडता प्रसंग. मला मात्र हे बहात्तर तास वाचले की त्र्याहत्तरावा तास आठवतो. माणूस तीन दिवस, तीन रात्री जागला तर त्याच्या मेंदूचे, हृदयाचे काय होते? आणि ते एकदाच झाले नाही; कमीजास्त प्रमाणात सतत दोन वर्षे चालू राहिले, त्याचे काय?

१९४१ च्या जानेवारीत ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. सकाळी रुग्ण, दुपारी विद्यार्थी, रात्री पाठ्यपुस्तकाचे लेखन, असा क्रम. शिकविणे चिनी भाषेतून. ती भाषा ते तिथे जाऊन शिकले आणि तिच्यात शल्यशास्त्रावर लिहूही लागले. नोव्हेंबर १९४१ मध्ये तेथील परिचर्या-शिक्षिका क्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती नी रोंगझेन यांनी सुचविल्यावरून त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

या सुखाच्या आगेमागेच त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. पिछाडीला जाऊन उपचार घ्यावेत, विश्रांती घ्यावी, असे वरिष्ठांनी सुचविले. ते गेले नाहीत. अपुरी झोप आणि थकवा झटक्याला आमंत्रण देतात हे डॉक्टरला कोणी सांगायला नको. माझ्या मते कोटणिसांना आपला आजार पुरता कळलेला होता, आणि जागा सोडली तर दुसरा शल्यविशारद नाही हेही कळलेले होते. या दोन गोष्टींत त्यांनी निवड केली. तिला त्याग म्हणावे हे बरोबरच. पण दुसरा डॉक्टर असता, पाळीपाळीने झोपायची सोय असती, मोजे, औषधे आणि पुरेसे अन्न असते, तर अशी निवड करायची वेळच आली नसती. मेणबत्तीच्या भाषणात हा भाग गाळला जातो, म्हणून मला त्या भाषणांचा राग येतो.

आता ते घरगुती कारण. आमचे मधले काका धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या अग्निशमन पथकात बावीस वर्षे होते. वसाहतीत रंग, औषधे, कीटकनाशके यांची रसायने होतात हे रोहेकरांना वासावरून ठाऊक आहे. पिंपे पेटली की काका आत. सुरुवातीच्या काळात तोंडाला ओला पंचा गुंडाळून जात, असे काकू सांगतात. घरी आले की कपडे मागच्या पडवीत वेगळे टाकायचे, तरी त्यांना करपट वास येत राही. आज काकांना घराचा जिना एका दमात चढवत नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो विडीचा. काका माळकरी, विडी त्यांनी आयुष्यात ओढली नाही. भरपाईचा विषय निघाला तेव्हा कळले की कारखान्याच्या नोंदवहीत काकांच्या नावावर एकही अपघात नाही. त्यांना कधी भाजले नाही, की हाड मोडले नाही. नोंदवहीला तेवढेच दिसते. बावीस वर्षांचा धूर एका तारखेला घडत नाही, मग तो कोणत्या रकान्यात लिहायचा?

जगाला हा हिशेब उशिरा सुचला. आगीच्या धुरात नुसता कोळशाचा वायू नसतो; बेंझीन असते, काजळीतली अनेक घातक संयुगे असतात, आणि ती श्वासावाटेच नव्हे तर कातडीवाटेही शरीरात जातात. आग विझल्यावर अंगावरच्या कपड्यांतून त्यांचा संसर्ग चालूच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसाय हाच कर्करोगकारक ठरविला, आणि तोही तंबाखू व ॲस्बेस्टॉस ज्या पहिल्या गटात आहेत त्या गटात. न्यूयॉर्कला ११ सप्टेंबर २००१ रोजी मनोरे कोसळले तेव्हा ३४३ अग्निशामक एका दिवसात गेले. पुढे त्या धुळीने जडलेल्या रोगांनी त्याच दलातील आणखी तितकेच गेले, पण त्यासाठी दोन दशके लागली. मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीच्या स्फोटात ६६ अग्निशामक गमावले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या दिवशी जे जिवंत घरी परतले, त्यांच्या छातीत काय गेले होते याचा सप्ताह पाळला जात नाही.

आपल्या पेणला तर हे फार दूरचे नाही. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. भर पावसात, रात्री, डोंगर चढून मदतीला जाणाऱ्यांत नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी होते. ते त्या चढणीवरच हृदयविकाराने गेले. बाकीचे पुढे चार दिवस चिखल उपसत राहिले. त्यांच्या प्रकृतीची विचारपूस नंतर कोणी केली असेल तर ती घरच्यांनीच.

कोटणिसांकडे परत येऊ. १९४२ चा हिवाळा सुरू झाला होता. शल्यशास्त्राच्या दुसऱ्या पुस्तकाचे काम चालू होते. ८ डिसेंबरच्या संध्याकाळी लिहीत असताना झटका आला. मग एकापाठोपाठ येत राहिले. जवळ होते ते त्यांचेच सहकारी आणि त्यांनीच शिकविलेले विद्यार्थी. ९ डिसेंबरला पहाटे सव्वासहाच्या सुमारास सर्व संपले. वय बत्तीस वर्षे दोन महिने. माओ त्से-तुंग यांनी शोकसंदेश पाठविला. पुढे त्यांचे अवशेष शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, बेथ्यून यांच्याच सान्निध्यात आणले गेले. आजही वसंतातल्या पितृस्मरणाच्या दिवशी लोक तिथे फुले वाहतात. चीनने १९८२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले, भारताने १९९३ मध्ये. चीनचे नेते मुंबईला आले म्हणजे कोटणीस कुटुंबीयांची भेट घेतात, हेही आपण वृत्तपत्रांत वाचले आहे.

घरची बाजू थोडक्यात सांगायची तर अशी. यिनहुआ वडिलांच्या वाटेने वैद्यकाकडेच गेला. शिक्षण पुरे होण्याच्या बेतात असताना १९६७ मध्ये, पंचविशीच्या आत, तो वारला; त्याच्या उपचारांत हयगय झाली होती. क्वो चिंगलान पुष्कळ जगल्या, अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आणि २०१२ मध्ये गेल्या. त्यांनी सोलापूरच्या या डॉक्टरसोबत संसार केला तो सारा मिळून एक वर्ष आणि दोन आठवडे. डॉक्टर गेले तेव्हा मूल साडेतीन महिन्यांचे होते आणि पुस्तक अर्धे लिहून टेबलावर पडले होते.