आठवणींपलीकडच्या रमाबाई

झी मराठी वाहिनीवर २०१२-१३ मध्ये प्रसारित झालेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेने रमाबाई रानडे यांचे नाव नव्या पिढीच्या घराघरांत पोहोचवले. माजघरात दडून अक्षरे गिरवणारी छोटी रमा, तिच्या शिक्षणाला आडवा येणारा सासुरवाडीचा स्त्रीवर्ग आणि तिच्या पाठीशी शांतपणे उभे राहणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, हे चित्र प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिले. ते चित्र खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे. पतीच्या निधनानंतरची तेवीस वर्षे रमाबाई एकट्या होत्या, आणि त्यांच्या सार्वजनिक कर्तृत्वाचा सर्वांत मोठा भाग याच वर्षांतला आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावचा. माहेरचे नाव यमुना कुर्लेकर. मुलींना लिहिण्या-वाचण्यास शिकवणे अशुभ मानले जाण्याचा तो काळ. त्यामुळे १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या रानड्यांच्या घरी आल्या त्या संपूर्ण निरक्षर अशाच.

हा विवाहदेखील एका वादाच्या छायेत पार पडला. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. पहिल्या पत्नीचे निधन झाल्यावर ते विधवेशीच विवाह करतील, अशी सुधारक मंडळींची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे एकतीस वर्षांचे रानडे नमले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी विवाहबद्ध झाले. त्यांच्यावर कठोर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. ज्या मुलीवर ही तडजोड लादली गेली, तिच्या शिक्षणाचा भार रानड्यांनी लग्नानंतर लगेच स्वतःकडे घेतला. मुळाक्षरांपासून आरंभ झाला. पुढे मराठी वाचन, गणित, भूगोल आणि इंग्रजी असा क्रम चालू राहिला.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. पतीने शिकवायचे आणि घरच्या बायकांनी त्याबद्दल टोमणे मारायचे, अशा कात्रीत ही मुलगी सापडली. दिवसा घरातील सर्व कामे करावीत, बोलणी निमूटपणे ऐकून घ्यावीत आणि रात्री पुस्तक उघडावे, असा तिचा नेम झाला. उलट उत्तर द्यायचे नाही आणि शिकणेही सोडायचे नाही, हा तिने शोधलेला मार्ग. आजच्या वाचकाला तो दुबळेपणाचा वाटेल. परंतु ज्या घरात उघड बंडाचा शेवट शिक्षण बंद होण्यात झाला असता, तिथे ही चिकाटी हेच तिचे शस्त्र होते.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्यांच्या सहवासाने रमाबाईंना घराबाहेरचे स्त्री-जग दिसले. याच सुमारास मिस हरफर्ड यांच्याकडे इंग्रजीचे धडे सुरू झाले. परधर्मीय बाईच्या संपर्कामुळे होणारा विटाळ घरच्यांना सोसत नसे. म्हणून शिकवणीनंतर स्नान केल्याखेरीज घरात वावरता येत नसे. इंग्रजी व्याकरण आणि सोवळे-ओवळे दोन्ही एकाच दिवसात सांभाळावे लागत होते.

मुलींसाठी पुण्यात हायस्कूल असावे, या मागणीकरिता रमाबाईंनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीत निवेदन वाचून दाखवले. भर सभेत, पुरुषांच्या उपस्थितीत, एका कुलीन घरच्या सुनेने इंग्रजीत बोलावे, ही पुण्याच्या दृष्टीने खळबळजनक घटना ठरली. घरी परतल्यावर कौतुकाऐवजी त्यांच्या वाट्याला कडवट शब्द आले. मात्र १८८४ मध्ये शाळा उभी राहिली. तीच आजची हुजूरपागा.

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईस हलले. एकत्र कुटुंबाचा जाच येथे सैलावला. रमाबाईंनी ‘हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब’ स्थापन करून स्त्रियांसाठी भाषा, सामान्य ज्ञान, शिवण व हस्तकला यांचे वर्ग चालवले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानड्यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आतच होत्या.

वर्षभर त्या पुण्याच्या घरात जगापासून दूर राहिल्या. त्या काळी विधवेच्या आयुष्याचा तोच प्रघात होता आणि त्या तेथेच थांबल्या असत्या, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या बसल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी स्त्रियांसाठी सेवासंस्था काढण्याची कल्पना त्यांच्यापुढे मांडली आणि मुंबईत सेवासदनाचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन सुरू झाले. या कामासाठी रमाबाईंनी स्वतःच्या वाड्याची दारे उघडली.

सेवासदनाचे वेगळेपण स्त्रीला मिळकतीचे साधन देण्यात होते. शिक्षिका, परिचारिका, शिवणकाम जाणणारी कारागीर अशी तयारी येथे होई. विधवांनी परिचारिका व्हावे, ही कल्पना त्या काळी धक्कादायक होती. परजातीच्या, परपुरुषाच्या आजारी देहाला हात लावायचा, हे ऐकूनच घरोघर नकार येत असे. रमाबाईंनी एकेका कुटुंबाची समजूत घातली. जिच्या हातात पैसा नाही तिला सन्मान मिळत नाही, याची त्यांना पुरती जाणीव होती.

संस्थेच्या एका बक्षीस समारंभात आलवण नेसलेली, केशवपन झालेली एक विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षकांतील तरुणांनी तिची हुर्यो उडवली. एरवी मृदुभाषी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रमाबाईंनी समारोपाच्या भाषणात त्या सुशिक्षित तरुणांना चांगलेच फैलावर घेतले. तरुणपणी टोमणे मुकाट्याने गिळणारी ही स्त्री दुसरीचा अपमान मात्र गिळू शकली नाही.

कामाची कक्षा वाढतच गेली. कारागृहातील स्त्री-कैद्यांना आणि इस्पितळांतील रुग्णांना भेटणे, सुधारगृहातील मुलांशी बोलणे, आळंदीच्या यात्रेत सेविकांसह उपस्थित राहणे हे सारे त्यांच्या नित्यक्रमात होते. पुणे नगरपालिकेचे सक्तीचे प्राथमिक शिक्षण फक्त मुलांपुरते ठेवण्याचा विचार पुढे आला, तेव्हा मुलींनाही ते मिळावे यासाठी १९२० मध्ये पुण्याच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्या चळवळीत रमाबाई आघाडीवर होत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्यांनी मुंबई इलाख्यात आवाज उठवला आणि १९२१ मध्ये मुंबई कायदेमंडळाने तो मान्य केला. एके काळी अक्षर गिरवण्यासाठी घरच्यांची नजर चुकवणारी मुलगी आता मतपेटीचा हक्क मागत होती. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

रमाबाईंच्या प्रतिमेला एक मर्यादा त्यांच्याच हातून पडली. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ हे पुस्तक मराठी आत्मचरित्र-वाङ्मयात मानाचे स्थान मिळवून आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांची त्याला प्रस्तावना आहे. मात्र त्याचा केंद्रबिंदू रानडे आहेत आणि त्यांच्या मृत्यूपाशी ते संपते. स्वतःच्या एकाकी कर्तृत्वाची वर्षे त्यांनी कागदावर उतरवली नाहीत. ती शोधायची तर सेवासदनाच्या वर्गखोल्यांत शोधावी लागतात.

भारत सरकारने १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांचे टपाल तिकीट काढले. पुण्याचे सेवासदन आजही चालू आहे. जिला शिकवले गेले त्या रमेची कथा सर्वांना ठाऊक आहे. जिने शेकडो स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे केले, त्या रमाबाईंचे चरित्रही तितकेच परिचयाचे व्हायला हवे.