न्यायदानाचे दक्ष पहारेकरी : न्या. महादेव गोविंद रानडे

कांद्याच्या बाजारपेठेमुळे देशभर ओळखल्या जाणाऱ्या लासलगावचा तालुका निफाड. याच निफाड गावी १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. समाजसुधारक, अर्थचिंतक आणि मराठ्यांच्या सत्तेचा इतिहास लिहिणारे विचारवंत म्हणून रानडे सर्वांना परिचित आहेत. मात्र त्यांनी सुमारे तीस वर्षे केलेले न्यायदान, आणि त्यातही कनिष्ठ न्यायालयांच्या कारभारावर ठेवलेली करडी नजर, काहीशी विस्मृतीत गेली आहे.

वडील सरकारी नोकरीत असल्याने रानडे यांचे बालपण कोल्हापुरात गेले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते होते. १८६६ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली. अक्कलकोट व कोल्हापूर संस्थानांत काही काळ काम केल्यावर ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापक झाले. १८७१ मध्ये ते ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. उच्च न्यायालयातील वकिलीचा मार्ग त्यांच्यासाठी खुला झाला होता. परंतु त्यांनी न्यायखात्याची नोकरी पत्करली आणि त्याच वर्षी ते पुण्यास न्यायाधीश म्हणून रुजू झाले.

पुण्यात सार्वजनिक सभेच्या कार्याला त्यांनी वैचारिक बळ दिले. सरकारी न्यायाधीशाने लोकांच्या गाऱ्हाण्यांत एवढे लक्ष घालावे, हे सरकारला रुचणारे नव्हते. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. पुढील वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड आणि पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाड्याची आग यांमुळे संशयाचे वातावरण पसरले. रानडे यांना धुळ्यास पाठविण्यात आले व त्यांची पत्रे उघडून पाहिली जाऊ लागली. रानडे यांनी न चिडता आपले काम चालू ठेवले. पुढे संशय मावळला आणि सरकारनेच त्यांच्यावर अधिक जोखमीची कामगिरी सोपविली.

ती कामगिरी होती दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जाची. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ले करून कर्जरोखे जाळले. हा वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. चौकशीअंती १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता.

तोपर्यंत न्यायालयातील चित्र विदारक होते. अक्षरओळख नसलेला कुणबी रोख्यावर अंगठा उठवी. दावा दाखल झाला की तो भीतीने वा अज्ञानाने हजर राहत नसे. मग सावकाराला एकतर्फी हुकूमनामा मिळे. नव्या कायद्याने प्रतिवादी शेतकऱ्याची जबानी घेणे आणि रोख्यावरील आकड्यावर न विसंबता व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासणे न्यायाधीशावर बंधनकारक केले. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकण्याची प्रथा बंद झाली.

वकिलांविषयीच्या तरतुदी तर विशेष लक्षणीय होत्या. तडजोड घडविणारे सलोखेदार व गावमुन्सफ यांच्यापुढे वकिलास उभे राहण्यास मनाई होती. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांतही हाच नियम लागू होता. मोठ्या दाव्यात एका बाजूला वकील असेल आणि समोरचा शेतकरी एकटा असेल, तर त्याला वकील देण्याचा अधिकार न्यायालयाला होता. कायद्याचे ज्ञान विकत घेऊ शकणारा आणि न शकणारा यांतील दरी कमी व्हावी, हा त्यामागील हेतू होता.

मात्र या कायद्याने अनेक दाव्यांतील अपिलाचा हक्कही काढून घेतला होता. खालच्या न्यायाधीशाची चूक मग सुधारायची कोणी? त्यासाठी तपासणी व फेरतपासणीचा अधिकार असलेले विशेष न्यायाधीशाचे पद निर्माण झाले. १८८१ मध्ये रानडे यांची डॉ. पोलन यांचे साहाय्यक म्हणून या कामावर नेमणूक झाली, तर १८८७ मध्ये ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले. गावोगावी फिरून न्यायालयांची दप्तरे तपासणे, निकालांतील दोष शोधणे, सलोखेदारांचे काम पाहणे हे त्यांचे नित्याचे कर्तव्य बनले. अपील नसलेल्या गरीब पक्षकाराला हाच काय तो आधार होता. या दौऱ्यांत पत्नी रमाबाई त्यांच्या सोबत असत.

इतरांचे दोष तपासणाऱ्या रानडे यांना लोकांनी मात्र दोषमुक्त ठरविले नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडे यांनी प्रथम पत्नीच्या निधनानंतर, १८७३ मध्ये, वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहाप्रकरणी त्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकही नाराज झाले. दोन्ही प्रसंगी घरच्यांचे व स्नेह्यांचे मन राखताना त्यांनी स्वतःच्या नावलौकिकाची झीज सोसली. त्यांचे हे वर्तन योग्य होते की नाही, हा वाद आजही संपलेला नाही. मात्र रमाबाईंना त्यांनी शिकविले आणि त्याच रमाबाई पुढे पुण्यातील सेवासदनाच्या आधारस्तंभ ठरल्या, हेही तितकेच खरे.

१८९३ मध्ये न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने रिक्त झालेल्या मुंबई उच्च न्यायालयातील जागी रानडे यांची नेमणूक झाली. १६ जानेवारी १९०१ रोजी, वयाची एकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले.

कायदा कितीही चांगला असला, तरी तो राबविणाऱ्यांवर देखरेख नसेल तर दुबळ्याच्या पदरी काहीच पडत नाही, हे रानडे यांनी आपल्या कामातून दाखवून दिले. शेतमालाच्या हिशेबावर ज्यांचे वर्षभराचे गणित अवलंबून असते, त्या लासलगाव-निफाड परिसरातील शेतकऱ्यांना आपल्या मातीतील या न्यायाधीशाची ही ओळख जवळची वाटावी.