झोपलेल्या बाळाला ऐकू येते का?
(थोरांची ओळख : डॉ. हॅलोवेल डेव्हिस)

बालमित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांचा जन्म अमेरिकेत झाला, त्यांतील बहुतेकांची पहिली परीक्षा जन्मानंतर एक-दोन दिवसांतच झाली असेल. तुम्ही गाढ झोपेत असताना कानात बारीक आवाज सोडून तुम्हाला ऐकू येते की नाही, हे पाहिले गेले. तान्ह्या बाळाला प्रश्न विचारता येत नाही आणि विचारला तरी ते उत्तर देत नाही. मग हे कळते कसे? त्यामागे ज्यांचे मोठे श्रम आहेत, त्या डॉ. हॅलोवेल डेव्हिस यांची आज ओळख करून घेऊ.

डेव्हिस यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८९६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. १९२२ साली ते हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टर झाले. नंतर इंग्लंडमधील केंब्रिज येथे एडगर एड्रियन यांच्याकडे त्यांनी नसांतून धावणाऱ्या सूक्ष्म विजेचा अभ्यास केला आणि परत येऊन ते हार्वर्डमध्ये शिकवू लागले.

जर्मनीत हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून मेंदूतील विजेचे तरंग कागदावर उमटवले होते. १९२९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा लाटा उठतात, असे त्यांचे म्हणणे होते. डेव्हिस यांना ते पटेना. मेंदूतील असंख्य पेशी एका तालात कशा चालतील? पण त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रयोग करायचे ठरवले. त्यांना स्वतःच्या डोक्यावर त्या लाटा काही सापडल्या नाहीत. मग डेव्हिस स्वतः बसले, आणि त्यांच्याच डोक्यातून त्या लाटा स्पष्ट उमटल्या! आपली शंका चुकीची होती, हे त्यांनी मान्य केले आणि ते याच कामाला लागले. हे १९३४ च्या सुमाराचे. अमेरिकेत मेंदूचे तरंग प्रथम नोंदवले गेले, त्यांत त्यांचे नाव येते.

त्यांच्या पत्नी पॉलीन याही संशोधक होत्या. आवाज कानी पडताच जाग्या माणसाच्या मेंदूतील तरंग बदलतात, हे त्यांनी १९३९ साली दाखवून दिले. झोपलेल्या माणसाचा मेंदूही आवाजाला प्रतिसाद देतो, हे दोघांनी इतर सहकाऱ्यांबरोबर पाहिले. म्हणजे माणूस काही बोलला नाही, तरी त्याचा मेंदू बोलत होता. दुर्दैवाने १९४२ साली पॉलीन वारल्या.

१९४६ साली डेव्हिस सेंट लुईस येथील 'सेंट्रल इन्स्टिट्यूट फॉर द डेफ' या बधिरांच्या संस्थेत संशोधनप्रमुख म्हणून गेले. त्या काळी मूल दोन-तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, असे दिसल्यावरच पुष्कळ आईवडिलांना शंका येई. काही मुलांना तर मंदबुद्धी ठरवले जाई. भाषा, मग ती बोलण्याची असो वा हातांच्या खुणांची, याच कोवळ्या वर्षांत रुजते. ती वर्षे वाया जात होती.

मेंदूचा प्रतिसाद तपासावा, तर तो फारच लहान. सगळा वर्ग एकदम बोलत असेल, तर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, तसेच हे. पण टिकटिक ठरलेल्या वेळी होते आणि गडबड कशीही. म्हणून तोच आवाज शेकडो वेळा ऐकवून सगळ्या नोंदींची बेरीज केली, की गडबड आपोआप कटते आणि प्रतिसाद वर येतो. १९६० नंतर ही बेरीज संगणकाने करता येऊ लागली.

तरीही अडचण होतीच. डेव्हिस यांनी ज्या प्रतिसादावर भर दिला होता, तो बाळाच्या झोपेप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदले. १९७० च्या सुमारास इतर शास्त्रज्ञांना मेंदूच्या खालच्या देठातून, आवाजानंतर सेकंदाच्या शंभराव्या भागातच येणारा प्रतिसाद सापडला. तो व्होल्टच्या दशलक्षाव्या भागाहूनही लहान, पण झोपेतही टिकणारा होता. सत्तरी ओलांडलेल्या डेव्हिस यांनी आपल्या जुन्या पद्धतीचा हट्ट धरला नाही. नवी पद्धत शिकून ते तिच्यावर काम करू लागले. १९७५ सालचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळाले.

त्यांचे शिष्य रॉबर्ट गॅलांबोस यांनी ही तपासणी तान्ह्या बाळांसाठी वापरली. सेकंदाला सुमारे चाळीस वेळा आवाज केला, तर मेंदूचे तरंगही त्याच गतीने उठतात, हेही त्यांनी १९८१ साली दाखवले. बोलण्यातील अक्षरांची आणि गाण्यातील ठेक्याची गती मेंदू कशी पकडतो, याचा अभ्यास आज अनेक ठिकाणी चालू आहे. तबल्याच्या तालावर तुमचे पाय आपोआप हलतात, तेव्हा हे आठवा!

२२ ऑगस्ट १९९२ रोजी, शहाण्णव वर्षे पूर्ण व्हायला थोडे दिवस उरले असताना, डेव्हिस यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी सरकारने बोलावलेल्या तज्ज्ञांनी प्रत्येक बाळाची श्रवणतपासणी व्हावी अशी शिफारस केली. आता अमेरिकेत जवळजवळ सर्व बाळांची ती होते. काही रुग्णालयांत मेंदूचा प्रतिसाद पाहतात, तर काही ठिकाणी कानातून परत येणारा सूक्ष्म आवाज.

पालकांना एक विनंती : या तपासणीत शंका आली, तर घाबरू नका, पण पुढची तपासणी टाळूही नका. तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावेत, असे डॉक्टर सांगतात.

आणि मुलांनो, आज घरी आईला विचारा : माझी ही पहिली परीक्षा झाली होती का? मी पास झालो का?